बीटा कॅरोटीन १५ मिग्रॅ सॉफ्टजेल – गोळीपेक्षा लेबलबद्दल बोलायचंय

दोन बाटल्या संपवून मग लिहितेय. कंपनीचं नाव देत नाही कारण अशा बऱ्याच बाटल्यांची लेबलं साधारण अशीच असतात.

गोळी म्हणून तक्रार नाही, छोटी आहे, वास नाही, सहज गिळली जाते. आत तेल असतं ते चांगलंच, कॅरोटीन फॅटमध्येच विरघळतं, तरी जेवणासोबतच घ्या, रिकाम्या पोटी नीट शोषलं जात नाही.

आता लेबल. त्यावर 'व्हिटॅमिन ए ७५०० मायक्रोग्रॅम, रोजच्या गरजेच्या ८३३ टक्के' असं लिहिलंय आणि ते वाचून मी पहिल्यांदा घाबरलेच, कारण तयार व्हिटॅमिन ए म्हणजे रेटिनॉल मोठ्या माणसाने दिवसाला ३००० मायक्रोग्रॅमच्या वर घेऊ नये असं वाचलं होतं. पण ती मर्यादा रेटिनॉलची, बीटा कॅरोटीनची नाही. हा नुसता कच्चा माल, आतड्यातलं एक एन्झाइम त्याचा रेणू मधोमध तोडून त्यातून व्हिटॅमिन ए बनवतं आणि शरीरात साठा पुरेसा असला की हे तोडणं आपोआप कमी होतं. मला ही गोष्ट फार आवडली खरं सांगते. म्हणजे ७५०० हा फक्त हिशोब आहे, तेलातलं २ मायक्रोग्रॅम बीटा कॅरोटीन म्हणजे १ मायक्रोग्रॅम रेटिनॉल असा, आणि जेवणातल्या गाजर-पालकाला तोच हिशोब १२ ला १ धरतात. प्रत्यक्षात किती बनेल ते माणसागणिक वेगळं, काहींचं हे एन्झाइम जन्मतःच मंद असतं.

मग न तुटलेलं जातं कुठे? माझ्या बाबतीत तळहातात. लेबलवर रोज १ ते २ लिहिलंय, मी २ घेत होते, दीड-दोन महिन्यांत तळहात-तळपाय पिवळे दिसायला लागले आणि घरात सगळे कावीळ म्हणायला लागले. डॉक्टरांनी आधी डोळे पाहिले, पांढरा भाग पांढराच होता म्हणजे कावीळ नाही, कावीळीत डोळेही पिवळे होतात. गोळ्या थांबवल्यावर रंग हळूहळू गेला.

इथपर्यंत मी ४ स्टार दिले असते. पण माझा मोठा भाऊ सिगरेट ओढतो, आणि माझं बघून त्यानेही याच गोळ्या सुरू केल्या होत्या. फिनलंडमध्ये २९ हजार सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली होती, रोज २० मिग्रॅ बीटा कॅरोटीन देऊन, अपेक्षा होती की फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल आणि १९९४ मध्ये निकाल आला तो उलटा, कॅन्सर १८ टक्के जास्त. अमेरिकेत रोज ३० मिग्रॅ बीटा कॅरोटीन आणि सोबत रेटिनॉल देऊन दुसरी चाचणी चालू होती, ती याच कारणाने १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवली. आणि या बाटलीच्या २ गोळ्या म्हणजे बरोबर ३० मिग्रॅ!! लेबलवर याबद्दल एक ओळ नाही, 'नैसर्गिक अँटीऑक्सिडंट' मात्र दोनदा छापलंय. भावाची बाटली मी त्याच दिवशी काढून घेतली.

५ पैकी २ स्टार. सिगरेट ओढत असाल किंवा पूर्वी बरीच वर्षं ओढली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका प्लीज. गाजर, भोपळा, पालक बिनधास्त खा, शिजवून आणि थोडं तेल घालून, त्या चाचण्या गोळ्यांच्या होत्या, भाज्यांच्या नाही.