मडगावात मिनीडीव्ही टेपा उतरवून घ्यायच्या असतील तर

आधी दर सांगते, शोधत येणाऱ्याला तोच हवा असतो. मिनीडीव्ही किंवा डीव्हीकॅम (कॅमेऱ्यातल्या छोट्या व्हिडिओ कॅसेटी), संगणकाच्या फाइलींत उतरवायला एका टेपचे 350 रुपये. बुरशी धरलेली असेल तर वर 200. हार्ड डिस्क आपली न्यायची. डीव्हीडी करून मिळत नाही, पेन ड्राइव्हवर मिळत नाही, आणि ‘व्हॉट्सॲपवर टाका’ म्हणालात तर पुढचं बोलणं होत नाही. जागा जुन्या स्टेशनच्या रस्त्याला, एका शिंप्याच्या वरच्या मजल्यावर. पाटी नाही. नाव लिहू नका असं तिथल्या बाबनीच, म्हणजे दुकानाच्या मालकांनीच, सांगितलंय, कारण लोकांच्या लग्नाच्या कॅसेटींचा ढीग आधीच जिन्यापर्यंत आलाय. शिंप्याला विचारा, तो मान वर न करता सुई वर दाखवतो.

मी माहितीपटांची संकलक, आणि पैसे जमतील तेव्हा दिग्दर्शकही. गोव्यात हे सांगितलं की पुढचा प्रश्न ‘इफ्फीला (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला) असता काय तुम्ही?’ असा येतो. इफ्फी इथे 2004 साली आला; आमचा धंदा त्याच्या आधीचा आहे आणि त्याच्या लाल गालिच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. पुण्यात एफटीआयआय या चित्रपट संस्थेत मी स्टीनबेकवर, म्हणजे संकलनाच्या टेबलावर, फिल्म कापायला शिकले. बाहेर पडून मुंबईत कामाला लागले तर सगळीकडे टेप. 2000 नंतरची काही वर्षं आपल्याकडचा स्वतंत्र माहितीपट सोनीच्या पीडी-150 आणि पीडी-170 या कॅमेऱ्यांवरच उभा होता. टेप खिशात मावायची आणि फिल्मच्या मानाने फुकटात पडायची, म्हणून शूटिंग भरमसाट व्हायचं. अर्ध्या तासाच्या माहितीपटासाठी पन्नास-पन्नास तासांचं चित्रण टेबलावर येऊन पडे. ते सगळं बघायचं कोणी? संकलकाने. पगार शिफ्टचा, श्रेय शेवटच्या पाटीवर आणि पाठीचा मणका आपला.

तर अशा टेपा माझ्या फोंड्याच्या घरात दोन पत्र्याच्या पेट्यांत होत्या. दुसऱ्यांच्या चित्रपटांच्या त्यांनी नेल्या, या माझ्या स्वतःच्या. गोव्याचा पावसाळा काय करतो ते लोणच्याच्या बरणीवरून सगळ्यांना कळतं, टेपेवरून कळत नाही. बुरशी आधी फितीच्या कडेला येते, पांढरी, पिठूळ. तशीच मशिनला लावली तर ती हेडवर (फीत वाचणाऱ्या भागावर) चिकटते आणि पुढच्या माणसाच्या टेपेलाही लागते. बाब म्हणूनच टेप आधी खिडकीजवळ नेऊन, दिव्याखाली तिरकी धरून बघतात. माझी एक बघून म्हणाले, ‘बाय, ही हांव आज लावचो ना. पयलीं सुकूंक जाय.’ (मी ही आज लावणार नाही, आधी सुकायला हवी.) आणि ती ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डब्यात गेली. गिऱ्हाईक समोर उभं असताना पैसे उद्यावर ढकलणारा दुकानदार मला तिथेच आवडला.

दुसरा प्रश्न त्यांनी विचारला तो असा: शूट कुठल्या कॅमेऱ्यावर केलंय, आणि डीव्हीला की डीव्हीकॅमला, म्हणजे त्याच कॅसेटवर नोंदायच्या दोन पद्धतींपैकी कुठल्या? हा प्रश्न विचारत नाहीत तिथे टेप देऊ नका. तीच साठ मिनिटांची मिनीडीव्ही कॅसेट डीव्हीकॅमला लावली की चाळीस मिनिटंच चालते, कारण फीत जास्त वेगाने सरकते आणि ट्रॅक रुंद पडतो. चुकीच्या मशिनवर ती नीट वाचली जात नाही, चित्राचे चौकोनी तुकडे पडतात, आणि मग दुकानवाला खांदे उडवून ‘टेपच खराब आहे’ म्हणतो.

आता मुद्द्याचं. टेप उतरवण्याचे दोन मार्ग आहेत. एक, मशिनच्या मागून पिवळी-लाल-पांढरी वायर काढून स्वस्तातल्या यूएसबी डब्यात घालायची आणि एमपी-4 करून द्यायची. बहुतेक जण हेच करतात. दुसरा, फायरवायर या डिजिटल जोडणीने टेपेवर जे आकडे लिहिलेत ते जसेच्या तसे संगणकात घ्यायचे. यात नक्कल होत नाही, तीच माहिती उचलली जाते. तासाला साधारण 13 जीबी. नव्या लॅपटॉपला फायरवायरचं भोकच नसतं, म्हणून बाबनी एक म्हातारा मॅक इंटरनेटपासून तोडून नुसता याच कामाला ठेवलाय. अपडेटचं नाव काढलं तरी ते अस्वस्थ होतात.

एमपी-4 वाल्या मार्गात चित्र थोडं मऊ पडतं, ते चालवून घेता येईल. पण टाइमकोड, म्हणजे प्रत्येक फ्रेमसोबत टेपेवर लिहिलेला वेळेचा आकडा, जातो. संकलकासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. माझ्याकडे लॉगच्या वह्या आहेत, जाड पुठ्ठ्याच्या, प्रत्येक टेपेचा क्रमांक, टाइमकोड, आणि समोर शेरा: ‘म्हातारी हसते, चांगलं’, ‘ट्रक, धूळ, फोकस गेला’, ‘इथे काहीच नाही पण ठेवा’. टाइमकोड सलामत असेल तर या वह्या आजही चालतात. नसेल तर ती रद्दी. बाबनी दिलेल्या फाइली उघडल्या, वहीतला आकडा टाइप केला, आणि फ्रेमवर फ्रेम बसली. याच्यासाठी मी 350 काय, दुप्पट दिले असते. (त्यांना सांगू नका.)

त्याआधी दुसऱ्या एका शहरात काही टेपा उतरवून घेतल्या होत्या. तिथल्या मुलाने प्रेमाने सगळं ‘साफ’ करून दिलं: सुरुवातीचा काळा पडदा काढला, शेवटचा हलता भाग काढला, शांतता काढली. बाब टेप पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत सोडतात, मध्ये काही नसलं तरी. माहितीपटाच्या माणसाला नेमकं तेच लागतं. कुर्डीचं उदाहरण देते. साळावली धरणाखाली गेलेलं हे सांगे तालुक्यातलं गाव, मोगूबाई कुर्डीकरांचं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की चिखलातून घरांचे चौथरे आणि सोमेश्वराचं देऊळ वर येतं, आणि मे महिन्यात उठवलेली माणसं वाडे आणि वाळकिणी या पुनर्वसनाच्या गावांतून उत्सवाला जमतात. मी तिथे चित्रण केलं तेव्हा एका आजीबाईंनी कॅमेऱ्यासमोर देवाचं, माडांचं, बालपणाचं सांगितलं. तेच चित्रपटात आहे. मी ‘कट’ म्हटलं, पण कॅमेरामनचं बटण दाबायचं राहिलं. कॅमेरा खाली, फ्रेममध्ये त्यांचे पाय आणि भेगाळलेली माती, आणि आजी आपल्या सुनेला सांगतायत की आमच्या गावावरचं पाणी सगळ्यांच्या नळाला गेलं आणि आम्ही मात्र विहीर शोधत बसलो. तेव्हा संकलनाला बसले ते दिग्दर्शक म्हणून, डोक्यात देऊळ होतं. वहीत या जागी नुसतं ‘वेस्ट’ लिहिलंय. आता जो चित्रपट जुळवतेय तो या पायांपासून सुरू होतो.

तसंच खाणींचं. ऑक्टोबर 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातलं खाणकाम थांबवलं, त्याच्या आधीचे सावर्डे, केपे भागातले ट्रकांचे ताफे माझ्याकडे टेपांवर आहेत. तेव्हा एक ट्रक दाखवला की पुरे वाटायचं, बाकीचे तास जागा खातात म्हणून शिव्या दिल्या होत्या. आता एक सबंध न तोडलेला शॉट, ट्रक मोजत बसण्याइतका लांब, हाच पुरावा आहे.

तक्रारी. एक, वेळ पाळत नाहीत. चतुर्थीच्या पुढेमागे तर जाऊच नका. दोन, उतरवलेल्या फाइलींची पडताळणी करून देत नाहीत, डिस्क हातात ठेवतात आणि संपलं. घरी येऊन प्रत्येक फाइल शेवटपर्यंत चालते का ते बघा आणि त्याच दिवशी दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा. तीन, बीटाकॅम आणि हाय-8 या दुसऱ्या जातीच्या टेपा घेत नाहीत. सोनीने बीटाकॅमच्या कॅसेटी 2016 मध्ये बंद केल्या, मशिनचे भाग मिळणं त्याच्याही आधीपासून कठीण, त्यामुळे त्यांना दोष देत नाही. पण ज्यांच्याकडे जुन्या नाटकांच्या, दशावताराच्या बीटा टेपा पडून आहेत त्यांना मुंबईच गाठावी लागेल. चार, पंखा नाही. एसी मशिनच्या खोलीत आहे, माणसांच्या नाही.

पाचपैकी साडेचार. जाताना टेपा गाडीच्या डिकीत टाकू नका, पुढच्या सीटवर ठेवा, आणि डबीवर कॅमेऱ्याचं नाव आधीच लिहून न्या. बाब दुपारी एक ते चार झोपतात.