चार जणांचा तंबू, नऊ महिन्यांनंतर

फेब्रुवारीत घेतलेल्या तंबूला आता नऊ महिने झाले. त्यात गच्चीवर एक रात्र, भंडारदऱ्याला दोन रात्री आणि बाकी काळ पलंगाच्या बॉक्समध्ये नाहीतर कपाटावर. तरी लिहितेय, कारण घेण्याआधी मी वाचलेले बहुतेक अभिप्राय पार्सल उघडल्या उघडल्या लिहिलेले होते. कापड मस्त, रंग मस्त, पाच तारे. भिजलेला तंबू ठाण्याच्या फ्लॅटमध्ये वाळवायचा कुठे, यावर कुणी एक ओळ लिहिली नव्हती.

आधी 'चार जणांचा' या शब्दांबद्दल. तळ 240 बाय 210 सेंटिमीटर, म्हणजे माणशी 60 सेंटिमीटर. लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसायची सवय असेल तर जमेल. आम्ही दोघं, बारा वर्षांची लेक आणि सात वर्षांचा धाकटा मावलो, पण बॅगा गाडीतच ठेवाव्या लागल्या. सासूबाईंनी गच्चीवरच्या चाचणीतच निकाल दिला. "हे गुडघे घेऊन मी यात रांगत शिरणार नाही. मला भिंती असलेली खोली बघा." म्हणून भंडारदऱ्याजवळच्या शेंडी गावात ज्यांच्या जागेत तंबू लावणार होतो, त्यांच्याच घरात एक खोली घेतली. तीच शेवटी उपयोगी पडली.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, काजव्यांच्या बेताने निघालो. माजिवडा ते वडपे यातच दीड तास गेला, मग कसारा घाट, घोटीला उजवीकडे आणि बारीवरून शेंडी. तलावांच्या शहरातली माणसं तळं बघायला दीडशे किलोमीटर जातात, हा नवऱ्याचा विनोद वाटेत तीनदा ऐकला. भंडारदऱ्याचं विल्सन धरण 1926 चं आहे, बघण्यासारखं आहेच. पण जाहिरातीत दिसतं तसं तंबूच्या दाराशी पाणी मे महिन्यात नसतं. ते खाली अकोले-संगमनेरच्या शेतांकडे गेलेलं असतं. मधे भेगाळलेली माती आणि पाण्यालगत गाळ. त्या गाळात धाकट्याची एक चप्पल गेली ती गेलीच. होडीवाल्यानेही मुलांना काठापासून लांब उभं राहायला सांगितलं.

पहिली रात्र झकास. घाटघरच्या रस्त्याला काजवे बघून आलो. गाडीचे दिवे, टॉर्च, मोबाइल सगळं बंद, कारण उजेड पडला की त्यांचं लुकलुकणं थांबतं. परत आल्यावर तंबूच्या दोन्ही दारांचं कापड उघडं ठेवून, फक्त जाळ्या लावून झोपलो. एकही डास आत आला नाही. जाळी आणि चेन यांना माझ्याकडून पूर्ण मार्क.

खुंट्यांना शून्य. उन्हाळ्यात मुरूम दगडासारखा होतो. सोबत आलेल्या सळीसारख्या खुंट्या तिसऱ्या ठोक्याला वाकल्या. ज्यांच्या जागेत तंबू होता त्या घरच्या मावशी बघत होत्या. म्हणाल्या, "त्या काड्या ऱ्हाऊ द्या ताई, धोंडे बांधा. आन् तोंड पान्याकडं नका करू." धोंडे बांधले. तोंड मात्र पाण्याकडेच ठेवलं, फोटोसाठी.

दुसऱ्या रात्री दोनच्या सुमारास वळीव आला. वारा थेट दारातून घुसला, तंबू फुग्यासारखा फुगला आणि फायबरच्या दांड्यांपैकी एक कट्टकन उभी चिरली. धोंडे मात्र जागचे हलले नाहीत. दहा मिनिटांत पाठीखालून ओलं लागायला लागलं. मी त्याच क्षणी तंबू बनवणाऱ्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. सकाळी कळलं, चूक आमची होती. खाली अंथरलेली ताडपत्री तंबूपेक्षा वीतभर मोठी होती. वरून ओघळलेलं पाणी त्या बाहेर आलेल्या कडेवर साठलं आणि सरकत तळाखाली आलं. ताडपत्री तंबूहून थोडी लहान हवी, नाहीतर कडा आत दुमडायच्या. तळाचं कापड 2000 मिलिमीटरचं आहे, म्हणजे त्यावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा राहीपर्यंत पाणी झिरपत नाही. पण गुडघा किंवा कोपर टेकला की तिथला दाब त्याहून कितीतरी वाढतो. आमचे आठ गुडघे होते. उरलेली रात्र सासूबाईंच्या खोलीत काढली. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त सरकून जागा दिली.

खरा छळ घरी आल्यावर. तंबू ओलाच गुंडाळून आणला होता. सोसायटीने गच्चीला कुलूप लावलेलं, सेक्रेटरी गावाला. दोन दिवस हॉलमध्ये दाराला, खिडकीच्या ग्रीलला आणि खुर्च्यांना बांधून पंख्याखाली वाळवला. वाटलं, वाळला. ऑगस्टमध्ये बॉक्स उघडला तर शिवणींवर काळे ठिपके आणि ओल्या मोज्यांचा वास. शिवणीतला ओलावा तसाच राहिला होता. कोमट पाणी, थोडं व्हिनेगर आणि मऊ फडकं वापरून पुसलं, ठिपके फिके झाले, गेले नाहीत. मशीनमध्ये टाकू नका, ब्रशने घासू नका, पाणी अडवणारा आतला थर निघतो. तो थर दमट जागी पडून राहिला की चिकटही होतो. आमचा एका कोपऱ्यात आत्ताच किंचित चिकट लागतो. आता तो पिशवीत न कोंबता जुन्या सुती चादरीत सैल बांधून कपाटावर ठेवलाय.

दांडीसाठी कंपनीला तीन वेळा फोन केला. सुटी दांडी मिळत नाही, नवा तंबू घ्या, असं उत्तर. 5,200 रुपयांच्या वस्तूत एका दांडीसाठी असं ऐकून डोकं फिरलं. शेवटी नौपाड्यातल्या हार्डवेअरवाल्याने वीतभर ॲल्युमिनियमची नळी कापून दिली. ती चिरेवर सरकवून दोन्ही टोकांना टेप मारला. चिरलेल्या फायबरला उघडा हात लावू नका, कुसळं शिरतात आणि दिसत नाहीत. नवऱ्याचा अंगठा आठवडाभर सुजला होता.

तुम्ही तिघं असाल आणि घरात वाळवायला मोठी बाल्कनी असेल तर घ्या. चौघांना सहा जणांचा लागेल, पण मग तो हॉलमध्ये वाळणार नाही. आम्ही आहे तोच चालवणार आहोत. जाड लोखंडी खुंट्या वेगळ्या घेतल्यात.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांनी तो हॉलमध्ये उभा केला, नळी लावलेली दांडी नीट टिकली. फराळाची ताटली घेऊन सासूबाई पहिल्यांदाच आत शिरल्या. बाहेर काढायला दोघं लागली.