देवळाच्या अंगणात ‘देऊळ’ आणि ‘तुंबाड’: फिरत्या सिनेमासेवेचे परीक्षण

चाकरमानी मे महिन्यात गावी आले की गुहागर परिसरातील वाड्यांमध्ये पडदा, प्रोजेक्टर आणि कर्णे घेऊन येणारी एक फिरती सिनेमासेवा आमच्या वाडीने यंदा दोन रात्रींसाठी ठरवली होती. चित्र स्वच्छ होते आणि भाडे वाजवी. खाडीच्या वाऱ्याने पडदा फुगत राहिला आणि संवाद मागच्या रांगांपर्यंत नीट पोहोचले नाहीत, एवढी तक्रार नोंदवतो. निवड मात्र धीट होती. हाव, सत्ता आणि देव यांचे साटेलोटे दाखवणारे दोन चित्रपट त्यांनी थेट ग्रामदेवतेच्या अंगणात लावले.

उमेश कुलकर्णी यांच्या ‘देऊळ’मध्ये (२०११) हरवलेली गाय शोधणाऱ्या केशाला दत्तदर्शन होते आणि गावात रुग्णालयाचा विचार चालू असताना उभे राहते ते मंदिर. गिरीश कुलकर्णी यांच्या पटकथेत कोणी एक खलनायक नाही, हे तिचे मोठेपण. नाना पाटेकर यांनी साकारलेले भाऊ आधी देवळाला फारसे अनुकूल नसतात. पोरे आणि मते हातची जातील हे दिसू लागल्यावर तेच पुढे होतात. केशाची श्रद्धा खरी, भाऊंची अडचण खरी, दुकान मांडणाऱ्यांची गरजही खरी, आणि तरीही या सगळ्यांतून जे उभे राहते त्यात देवाला जागा उरत नाही. सगळा दोष एखाद्या भोंदू बाबावर टाकणारे चित्रपट प्रेक्षकाला नामानिराळा ठेवतात. ‘देऊळ’ ती सोय देत नाही.

राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ (२०१८) हा भयपट अधिक देखणा आहे. खेड तालुक्यातील गावाचे नाव घेतलेल्या या चित्रपटातला पाऊस कोकणी माणसालाही ओळखीचा वाटतो. १९१८ ते १९४७ या काळात नायक विनायकाची हाव ज्या पायऱ्यांनी वाढते, त्या अस्सल आहेत. पण देव येथे दंतकथा बनून राहतो आणि सत्ता काठावरच उभी राहते, त्यामुळे तिघांचा परस्परांवरचा ताण ‘देऊळ’इतका जाणवत नाही. (लहान मुलांना दुसऱ्या रात्री घरीच ठेवायला हवे होते.)

दोन्ही चित्रपटांत न आलेली एक गोष्ट आमच्याकडे सर्वांत वजनदार आहे, ती म्हणजे मान. जीर्णोद्धाराच्या पावत्या मुंबईतल्या मंडळांत फाटतात, परंतु पालखीला पहिला खांदा कोणाचा आणि कौल कोणी लावायचा, हे पैशाने ठरत नाही. पैसेवाला आणि मानकरी यांना एकमेकांवाचून चालत नाही आणि एकमेकांचे पटतही नाही. ही ओढाताण पडद्यावर नेमकी पकडलेली मी अद्याप पाहिलेली नाही.

सेवा बोलवावी अशीच आहे. एकच रात्र परवडत असेल तर ‘देऊळ’ मागावा, आणि पडदा देवळाच्या भिंतीच्या आडोशाला बांधून घ्यावा.