गाडीचा रिमोट चालेना: दुरुस्त करावा, नवा घ्यावा की दोष गाडीतच शोधावा?

बटण दाबलं आणि दार उघडलं नाही, की बहुतेकजण थेट नव्या चावीची चौकशी सुरू करतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी पाच मिनिटं काढा आणि बिघाड चावीत आहे की गाडीत, तेवढं ठरवा. ते ठरल्याशिवाय सर्व्हिस सेंटर बरं की बाहेरचा चावीवाला, या प्रश्नाला अर्थच नाही.

घरातली दुसरी चावी आणा. तिने गाडी उघडली तर दोष पहिल्या चावीत. दोन्हींनी उघडत नसेल तर संशय गाडीवर. पण दोन्ही चाव्यांतले सेल एकाच दिवशी घातलेले असतील तर एकात नवा सेल घालून पुन्हा बघा. बटण दाबल्यावर इंडिकेटर लुकलुकतात, पण कुलपाचा खट्ट आवाज येत नाही? मग चावीचा निरोप पोचलाय, अडलंय ते पुढे कुठेतरी. एकच दार रुसलं असेल तर चावी निर्दोष.

खिशात चावी ठेवून नुसता हँडलला हात लावून दार उघडणाऱ्या गाड्यांत आणखी एक पायरी असते. हँडलमधला अँटेना साधारण १२५ किलोहर्ट्‌झवर चावीला हाक मारतो, आणि चावी ४३३.९२ किंवा ३१५ मेगाहर्ट्‌झवर उत्तर देते. त्यामुळे बटण चालतं पण हात लावून दार उघडत नाही, असं एकाच दाराशी होत असेल तर ते हँडल तपासा. सगळ्या दारांशी होत असेल तर सेल उतरलाय किंवा चावीचा ऐकणारा भाग गेलाय.

सेलबद्दल थोडक्यात. सीआर२०३२ हा ३.२ मिमी जाडीचा, सीआर२०२५ हा २.५ मिमीचा. दोन्हींचा व्यास २० मिमीच, म्हणून चुकीचाही बसतो. पण पत्रीला नीट टेकत नाही आणि चावी मधूनमधून दगा देते. मीटरवर ३ व्होल्ट दिसले म्हणून जुन्या सेलवर विश्वास ठेवू नका. सिग्नल पाठवताना खरा भार पडतो आणि थकलेला सेल तिथेच खचतो. नवा घालून बघणं हीच खरी परीक्षा.

आता खरा निर्णय: तीच चावी दुरुस्त करावी की नवी घ्यावी? शक्य तिथे मी दुरुस्तीच्या बाजूने आहे. माझ्या चावीचं लॉकचं बटण चालायचं, अनलॉकचं नाही. एकाने बघताक्षणी सांगितलं, नवीनच घ्यावी लागेल. घरी कव्हर उघडून भिंगातून पाहिलं, तर बटणाखालच्या चौकोनी स्विचच्या एका पायाभोवती सोल्डरला केसाएवढी गोल चीर. नखाने स्विच दाबून धरला की गाडी उघडायची. सोल्डरचा एक थेंब पडला आणि काम झालं. स्विच झिजला असेल तर तोही बदलता येतो. बोर्ड तेच राहतं, म्हणून कोडिंगची, म्हणजे गाडीला चावीची नव्याने ओळख करून देण्याची, गरज नाही, हा दुरुस्तीचा मोठा फायदा. नुसतं बाहेरचं कव्हर बदलत असाल तर मात्र सांभाळून: कित्येक चाव्यांत इमोबिलायझरची (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) इवलीशी चिप कव्हरच्या खोबणीत वेगळी बसवलेली असते. जुन्या कव्हरबरोबर ती फेकली, तर दारं उघडतील, इंजिन सुरू होणार नाही.

बोर्डात पाणी जाऊन ट्रॅक (बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा) खाल्ले गेले असतील किंवा चावी हरवलीच असेल, तर नवी घ्या. कंपनीची चावी महाग, पण रेंज आणि हात लावून उघडण्याची सोय भरवशाची. बाहेरची घेताना फ्रिक्वेन्सी जुळते का बघा, आणि बटणांबरोबर हँडलवरही चालवून घ्या. वापरलेली चावी मी घेणार नाही; बऱ्याच चाव्या पहिल्या गाडीशी जोडल्या की कायमच्या तिच्याच होतात. कोडिंगला जाताना घरातल्या सगळ्या चाव्या न्या, कारण अनेक गाड्यांत समोर नसलेल्या चाव्या त्या वेळी यादीतून पुसल्या जातात. आणि एक चावी चालू आहे तोवरच दुसरी करून घ्या. शेवटची हरवल्यावर तेच काम कितीतरी अवघड होतं.

दोष गाडीत निघाला तर मी आधी चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जाईन. दार आणि खांब यांच्यामध्ये रबरी नळी असते, तिच्यातल्या वायरी दार उघडून-मिटून तुटतात. दार अर्धवट उघडं असताना कुलूप चालतं आणि मिटल्यावर नाही, तर तिथेच बघा. मोटर घुर्र करते पण कुलूप सरकत नाही, तर अ‍ॅक्च्युएटरचे, म्हणजे कुलूप सरकवणाऱ्या भागाचे, दाते गेलेत. सर्व्हिस सेंटरमध्ये बहुधा अख्खा भाग बदलतात, त्यामुळे बिल वाढतं. पण गाडी वॉरंटीत असेल, किंवा कंट्रोल मॉड्यूल (कुलपांना हुकूम देणारा गाडीतला इलेक्ट्रॉनिक डबा) बदलून त्याला कंपनीचे कोड लागणार असतील, तर तिथेच जावं. फ्यूज, अर्थिंग आणि गाडीची बॅटरी तपासल्याशिवाय मॉड्यूल बदलायला हो म्हणू नका. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी गाडी उभी असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते.

दुरुस्तीला वेळ लागणार असेल तरी गाडी अडत नाही. बहुतेक स्मार्ट चाव्यांत लोखंडी पातं लपलेलं असतं, त्याने दार उघडतं. मग सेल संपलेली चावी स्टार्ट बटणाला टेकवायची किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी ठेवायची. चिपला लागणारी वीज गाडीच देते. पातं मात्र आजच एकदा कुलपात फिरवून बघा. वर्षानुवर्षं न वापरलेलं कुलूप धुळीने जाम झालेलं असतं, आणि ते कळायचं तर गाडी उघडी असतानाच कळलेलं बरं.