कंपनीचं वर्कशॉप की बाहेरचं गॅरेज? गाडी नव्हे, काम बघून ठरवा

फ्री सर्व्हिस संपतात आणि पूर्ण पैसे भरायचं पहिलं बिल हातात पडतं. ऑइल, दोन-तीन फिल्टर, धुलाई. आणि खाली आकडा असा की माणूस काउंटरवर उभ्या उभ्या दोनदा वाचतो. मग एक मित्र सांगतो, ‘हेच काम बाहेर निम्म्यात होतं.’ दुसरा म्हणतो, ‘बाहेर गेलास की वॉरंटी संपलीच समज.’ दोघंही अर्धंच सांगत असतात. माझी एकच गाडी काही कामांना कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जाते आणि काही कामांना बाहेर. गेली काही वर्षं हे असंच चाललंय, आणि ‘एकदा काय ते ठरवून टाक’ असं मला कधी वाटलं नाही. कारण ऑइल बदलणं, ब्रेक पॅड टाकणं आणि डॅशबोर्डवरच्या दिव्याचं कारण शोधणं ही तीन वेगळ्या प्रकारची कामं आहेत.

बिल फुगतं कुठे

दोन ठिकाणच्या बिलांची तुलना करायची तर शेवटचा आकडा बाजूला ठेवा आणि बिलाचे तीन तुकडे करा: लेबर, पार्ट आणि ‘इतर’.

लेबर कंपनीकडे महाग असतं, यात काही गुपित नाही. कोणत्या कामाला किती वेळ लागायला हवा हे कंपनीच्या पुस्तकात ठरलेलं असतं. त्या तासांना वर्कशॉपच्या दराने गुणलं की लेबर निघतं. मेकॅनिकने काम त्याआधी उरकलं तरी बिल पुस्तकातल्या तासांचंच. त्या दरात मेकॅनिकचं प्रशिक्षण, कंपनीचा स्कॅनर, खास हत्यारं, आणि तुम्ही ज्या गार हॉलमध्ये चहा पीत बसता तो हॉल, असं सगळं धरलेलं असतं.

पार्टमधला फरक मात्र वाटतो तेवढा सरळ नाही. गाड्यांच्या कंपन्या फिल्टर, स्पार्क प्लग, बेअरिंग, ब्रेक पॅड असे बरेचसे भाग स्वतः बनवत नाहीत. बॉश, डेन्सो, माले, व्हॅलिओ यांच्यासारखे पुरवठादार ते बनवून देतात. अनेकदा तोच भाग पुरवठादाराच्या खोक्यात बाजारात मिळतो आणि कंपनीच्या खोक्यात जास्त किमतीला. अशा वेळी बाहेरून घेतलेला भाग ‘ड्युप्लिकेट’ नसतो. ड्युप्लिकेट म्हणजे नामांकित कंपनीचं नाव छापलेला नकली माल. फिल्टर आणि ब्रेक पॅडमध्ये तो खरोखर सापडतो, म्हणून बाहेर जायचं तर पार्ट कुठून आला हे विचारायला हवं.

खरी चरबी असते तिसऱ्या तुकड्यात. इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, एसीचं निर्जंतुकीकरण, अंडरबॉडी कोटिंग, टेफ्लॉन, टायरमध्ये नायट्रोजन. (साध्या हवेतच सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो.) सकाळी गाडी घेणारा सर्व्हिस ॲडव्हायझर जॉब कार्ड भरताना हे सगळं इतक्या सहज म्हणून जातो की ते सर्व्हिसचाच भाग वाटतं. या वरकड कामांवर त्याचं टार्गेट असू शकतं, तेव्हा त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी काय बदलायचं याचा तक्ता असतो. तो पुढ्यात धरा आणि त्यात नसलेली प्रत्येक ओळ जॉब कार्डवरून कापायला सांगा. पुष्कळदा ‘कंपनीचं बिल दुप्पट येतं’ ही तक्रार तिथेच बरीचशी विरते. उरलेला फरक किती हे बघून मग बाहेर जायचं की नाही ते ठरवा.

एक सावधगिरी. त्याच पुस्तिकेत बहुधा दोन वेळापत्रकं असतात: सर्वसाधारण वापराचं आणि कठीण वापराचं. धूळ, सततचा ट्रॅफिक, इंजिन नीट तापायच्या आत संपणाऱ्या छोट्या फेऱ्या या गोष्टी ‘कठीण’मध्ये मोडतात. तुमची गाडी त्यात बसत असेल तर ‘ऑइल लवकर बदला’ हा सल्ला लुबाडणूक नसतो.

ऑइल, ब्रेक फ्लुइड, कूलंट

लोक सगळ्यात जास्त वाद ऑइल बदलण्यावर घालतात. काम म्हणून मात्र ते सोपं आहे. कंपनीच्या वर्कशॉपमध्येही हे काम सहसा सगळ्यात जाणत्या मेकॅनिककडे जात नाही. जाणता माणूस अवघड बिघाड शोधण्यात गुंतलेला असतो. ऑइल-फिल्टर बहुधा शिकाऊ पोरांकडे. त्यामुळे ‘तिथे तज्ज्ञ हात लावतात’ म्हणून या कामाला जास्त पैसे देत असाल तर ते पैसे त्या हातांपर्यंत पोहोचतातच असं नाही.

इथे धोका हातापेक्षा डब्यात जास्त असतो. पुस्तिकेत नुसतं ‘५डब्ल्यू-३०’ (म्हणजे ऑइलचा घट्टपणा) लिहिलेलं नसतं, त्यापुढे एक मानकही दिलेलं असतं. उदाहरणार्थ, धूर गाळणारा डीपीएफ असलेल्या डिझेल गाडीला कमी राख सोडणारं ऑइल लागतं. घट्टपणा तोच पण मानक वेगळं असलेलं ऑइल घातलं तर लगेच काही कळत नाही; राख फिल्टरमध्ये साठत जाते आणि फिल्टर वेळेआधी भरतो. काही नव्या इंजिनांमध्ये टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची हालचाल जुळवणारा पट्टा) ऑइलमध्येच भिजलेला असतो. तिथे चुकीचं ऑइल रबर खातं आणि त्याचे कण ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. सीव्हीटी गिअरबॉक्सचंही (हा ऑटोमॅटिकचाच एक प्रकार) तसंच: त्याचं ऑइल वेगळं, ‘ऑटोमॅटिकचं कुठलंही चालतं’ हे वाक्य ऐकू आलं की गाडी परत वळवा.

कंपनीकडे बरोबर ऑइल आपोआप पडण्याची शक्यता जास्त, कारण त्यांच्याकडे बॅरलच त्या मानकाचा असतो. बाहेर ती जबाबदारी तुमची. पुस्तिकेतल्या त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवला, सीलबंद डबा समोर फोडून घेतला, तर साध्या पेट्रोल गाडीचं ऑइल बाहेर बदलायला माझी काहीच हरकत नाही.

ब्रेक फ्लुइडकडे मात्र दोन्हीकडे दुर्लक्ष होतं. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रतीच्या ताज्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, त्यात ३.७ टक्के पाणी मिसळल्यावरची किमान मर्यादा १५५ अंश आहे. लांब घाट उतरताना ब्रेक तापले आणि फ्लुइड उकळलं की पेडल खाली जातं, ते यामुळे. बऱ्याच कंपन्या ते दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात. काम साधं आहे, कुठेही करा, पण करा.

वॉरंटीची भीती किती खरी

‘बाहेर सर्व्हिस केली तर वॉरंटी रद्द’ हे वाक्य जगभर चालतं आणि अनेक ठिकाणी कायदा त्याच्या उलट बोलतो. अमेरिकेत १९७५ चा मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायदा कंपनीला अशी अट घालू देत नाही, जोवर ती सर्व्हिस किंवा भाग फुकट मिळत नाही. युरोपीय संघाच्या स्पर्धाविषयक नियमांचाही रोख तोच आहे. भारतात स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ कार कंपन्यांना दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना खुलेपणाने मिळू दिली जात नाहीत, हा त्यातला मुख्य मुद्दा होता. पुढे अपिलं झाली.

पण कायदा तुमच्या बाजूने असणं आणि काउंटरवरच्या माणसाने क्लेम मान्य करणं यात अंतर आहे. वॉरंटीत इंजिन बिघडलं तर पहिला प्रश्न येतो तो सर्व्हिसच्या नोंदींचा. तारीख, किलोमीटर, ऑइलचं मानक आणि फिल्टरचा ब्रँड लिहिलेलं पक्कं बिल नसेल तर वाद तिथेच हरता. बाहेरचा मेकॅनिक कितीही हुशार असो, तो बिल देत नसेल तर वॉरंटीतली गाडी त्याच्याकडे नेऊ नये. पैसे देऊन घेतलेली एक्स्टेंडेड वॉरंटी हा तर वेगळा करार असतो; त्यात अधिकृत वर्कशॉपची अट आहे का हे बारीक अक्षरात वाचून घ्या.

जाहिरातीत न येणारी आणखी एक गोष्ट. वॉरंटी नुकतीच संपली आणि गिअरबॉक्ससारखं मोठं काही गेलं, तर कंपनी कधीकधी सद्भावना म्हणून खर्चाचा काही भाग उचलते. हा हक्क नाही, मर्जी आहे. आणि ती मर्जी सगळ्या सर्व्हिस कंपनीकडे झालेल्या ग्राहकावर जास्त होते. म्हणून पहिली तीन-चार वर्षं, वॉरंटी संपेपर्यंत आणि त्यानंतर थोडं, मी कंपनीकडेच जाण्याच्या बाजूचा आहे. फक्त वरकड ओळी कापून.

दिवा लागला, आता कुठे?

गाडीच्या संगणकाने नोंदवलेले बिघाडाचे कोड ज्यातून वाचतात ते १६ पिनांचं ओबीडी सॉकेट अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या मोटारींवर सक्तीचं झालं आणि पुढे जगभर पसरलं. त्यामुळे स्वस्तातला स्कॅनरही आज कोड वाचतो. पण कोड हे निदान नव्हे. ‘मिश्रणात हवा जास्त’ असा कोड आला म्हणजे ऑक्सिजन सेन्सर गेला असं होत नाही; कुठेतरी पाइपला भेग असेल, फ्युएल पंप कमकुवत झाला असेल. कोड बघून पार्ट बदलत सुटणारा मेकॅनिक दोन्हीकडे भेटतो.

तरी या कामात कंपनीचं पारडं जड आहे. एखाद्या मॉडेलमध्ये तोच दोष वारंवार दिसला की कंपनी आपल्या वर्कशॉपना तांत्रिक सूचना पाठवते: लक्षण हे, कारण हे, उपाय हा. बाहेरचा माणूस जे शोधायला दोन दिवस घालवेल ते तिथे कधीकधी दहा मिनिटांत सापडतं. इंजिनच्या संगणकाचं नवं सॉफ्टवेअर, चावीचं कोडिंग, पुढची काच बदलल्यावर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन ही कामंही तिथेच बरी. रिकॉल, म्हणजे दोष निघाल्यावर कंपनीने गाड्या परत बोलावून केलेली दुरुस्ती, तर तिथेच, आणि फुकट. टकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगच्या प्रकरणात जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. तुम्ही वर्षानुवर्षं बाहेर जात असाल तर तुमच्या गाडीच्या १७ अक्षरी चॅसिस नंबरवर रिकॉल आहे का, हे अधूनमधून कंपनीच्या वेबसाइटवर स्वतः तपासा. बाहेरचं गॅरेज ते तपासेलच असं नाही.

बदलायचं की दुरुस्त करायचं

गाडी सात-आठ वर्षांची झाली की पारडं फिरतं, आणि फक्त लेबरच्या दरामुळे नाही. कंपनीचं वर्कशॉप सहसा अख्खी असेंब्ली बदलतं. अल्टरनेटर बॅटरी चार्ज करत नाही? नवा अल्टरनेटर. बाहेरचा जुना ऑटो-इलेक्ट्रिशियन तो उघडतो, झिजलेले कार्बन ब्रश किंवा रेग्युलेटर बदलतो आणि गाडी संध्याकाळी परत देतो. सस्पेन्शनचा आवाज आला तर कंपनीकडे पूर्ण आर्म, बाहेर नुसते त्याचे रबरी बुश दाबून बसवलेले. कंपनीची बाजूही समजून घेण्यासारखी आहे: त्यांना कामाची हमी द्यायची असते आणि नवा भाग बसवून ती देणं सोपं. पण जुन्या गाडीत अल्टरनेटरची पूर्ण किंमत मोजण्यात शहाणपण नसतं.

माझ्या जुन्या गाडीला एकदा वर्कशॉपने स्टीअरिंग रॅक बदलण्याचं एस्टिमेट दिलं होतं. बाहेर एका म्हाताऱ्या फोरमनने गाडी जॅकवर चढवली, चाक दोन्ही हातांनी हलवलं आणि रॅकला चाकाशी जोडणारा एक टाय रॉड एंड, एवढाच छोटा भाग बदलला. आवाज गेला. ती सगळी चूक त्या वर्कशॉपची होती असं मी म्हणणार नाही. ॲडव्हायझरने माझी तक्रार लिहिली एक आणि मेकॅनिकला कळली दुसरी. बाहेर ज्याच्याशी बोलता तोच गाडीखाली शिरतो, हा फायदा कुठल्या दरपत्रकात दिसत नाही.

ब्रेक पॅड, शॉक ॲब्सॉर्बर, क्लच, एसीची गॅसगळती, टायर, बॅटरी ही सगळी कामं मी वॉरंटीनंतर बाहेर देतो. टायमिंग बेल्ट बाहेर, पण अनुभवी माणसाकडेच; अनेक इंजिनांत तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. फक्त तुमच्या गाडीच्या कंपनीच्याच गाड्या करणारं गॅरेज मिळालं तर उत्तम. असं गॅरेज चालवणारा पुष्कळदा पूर्वी अधिकृत वर्कशॉपमध्येच काम केलेला असतो.

विजेवरच्या गाड्यांना यातलं थोडंच लागू होतं. विजेवरच्या गाडीत इंजिन ऑइल नाहीच. मुख्यतः टायर, केबिन फिल्टर, ब्रेक आणि कूलंट एवढंच उरतं. त्यामुळे कंपनीच्या ‘पॅकेज’मध्ये नेमकं काय आहे हे जास्तच खडसावून विचारा. मात्र गाडी विजेवरची असो की हायब्रीड, नारिंगी केबलच्या आसपासचं काही असेल तर प्रशिक्षित माणसाशिवाय कोणाला हात लावू देऊ नका. तिथे शेकडो व्होल्ट असतात.

बाहेरचा माणूस पारखताना

नव्या गॅरेजला पहिलं काम म्हणून क्लच देऊ नका. ब्रेक फ्लुइड किंवा पॅडसारखं छोटं काम द्या आणि शक्यतो तिथे थांबा. चाकाचे नट शेवटी टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळतो का बघा. ऑइलचं काम असेल तर ड्रेन प्लगचा वॉशर नवा घातला का विचारा. जुने भाग डिकीत ठेवायला सांगा आणि बिलावर ब्रँडची नावं मागा. या मागण्यांवर जो त्रासतो त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. जो न विचारता झिजलेला पॅड हातात देऊन ‘आतला जास्त खाल्लाय, कॅलिपरची पिन जाम होती, ग्रीस केलीय’ असं सांगतो, त्याचा नंबर जपून ठेवा.