विचारून घेतलेली माहिती आणि गुपचूप घेतलेली

कॉम्प्युटर गेम विकणाऱ्या ‘स्टीम’ या ऑनलाइन दुकानाचा हार्डवेअर सर्व्हे आणि ‘रेड शेल’ हे माग काढणारं सॉफ्टवेअर. दोघंही खेळाडूच्या कॉम्प्युटरची माहिती घेतात, पण एकावर कुणी फारसं रागावत नाही आणि दुसऱ्यावर 2018 च्या जूनमध्ये खेळाडू तुटून पडले.

स्टीम अधूनमधून विचारतं, भाग घेणार का? नको म्हटलं की विषय संपला. हो म्हटलं तर ग्राफिक्स कार्ड, रॅम, ऑपरेटिंग सिस्टिम वगैरेंची नोंद होते आणि एकत्रित आकडे दर महिन्याला सगळ्यांसाठी जाहीर होतात. आपल्यालाही त्याचा उपयोग होतो.

रेड शेल गेमच्या आतच बसवलेलं असायचं. जाहिरातीच्या लिंकवर क्लिक करणारा आणि नंतर गेम सुरू करणारा माणूस एकच आहे का, हे त्याला शोधायचं असे. त्यासाठी आयपी ॲड्रेस, ब्राउझरची आवृत्ती, स्क्रीनचं रिझोल्युशन, फॉन्ट अशा खुणा जुळवल्या जात. नाव किंवा ईमेल आम्ही घेतच नाही, असा बनवणाऱ्यांचा बचाव होता. पण एवढ्या खुणांवरून यंत्र ओळखू आलं, तर नाव हवंच कशाला? शिवाय युरोपात जीडीपीआर हा वैयक्तिक माहिती जपणारा कायदा लागू होऊन जेमतेम महिना झाला होता!

‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ या गेमवाल्यांनी रेड शेल चुकून आल्याचं सांगून काढलं, ‘कोनन एक्झाइल्स’, ‘सिव्हिलायझेशन 6’ यांनीही काढलं. जाहिरातीचा खर्च वसूल होतो का, हे छोट्या स्टुडिओला कळायला हवंच, ते मान्य. पण मग पहिल्याच स्क्रीनवर विचारा.