भोसरीच्या कारखान्यातला २७यू रॅक: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

रॅक म्हणजे सर्व्हर, स्विच वगैरे बसवायचं कपाट, आणि यू हे त्याच्या उंचीचं माप. हा रॅक २७यू, ६०० मिमी रुंद, १००० मिमी खोल, जमिनीवर उभा राहणारा. स्थानिक बनावटीचा, पुढे काचेचं दार, छताला चार पंखे.

दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "किती यू?" तो हिशेब सोपा आहे. दोन सर्व्हर मिळून ४यू, नॅस (नेटवर्कवरची साठवण) २, दोन नेटवर्क स्विच, दोन पॅच पॅनल (केबलची टोकं जोडायची पट्टी) आणि दोन केबल मॅनेजर मिळून ६, फायरवॉल (नेटवर्कचा पहारेकरी) १, कॅमेऱ्यांचा एनव्हीआर (रेकॉर्डर) २, बॅटरीसह यूपीएस ४, पीडीयू (वीज वाटणारी सॉकेटची पट्टी) १. झाले २०. त्यावर तीस टक्के वाढ धरली की २६, म्हणून २७यू. एक यू म्हणजे ४४.४५ मिमी, म्हणजे आतली उंची साधारण १.२ मीटर.

फसगत होते ती रॅकच्या खोलीत, म्हणजे पुढून मागच्या मापात. ८०० मिमीचा रॅक स्वस्त पडतो आणि स्विचला पुरतोही. पण २यू सर्व्हर साधारण ७२० मिमी लांब असतो. मागे प्लग आणि वायरच्या वळणाला शंभर-एक मिमी लागतात, पुढे दार आणि खांब यांच्यात ७०-८० मिमी. बेरीज ९०० च्या आसपास जाते. ८०० मध्ये मागचं दार लागतच नाही, मग ते काढून भिंतीला टेकवून ठेवलेले रॅक भोसरी-चाकणला बरेच दिसतात. इथे १००० चा निर्णय बरोबर ठरला. रुंदीचं मात्र तसं नाही. उभा पीडीयू लावायचा असेल किंवा केबलचे जाडजूड गठ्ठे असतील, तर ६०० मध्ये हात जात नाही. सरळ ८०० रुंद घ्यावा.

बसवताना भोकांकडे लक्ष द्या. प्रत्येक यूमध्ये तीन भोकं असतात, पण सगळी सारख्या अंतरावर नसतात: १५.९, १५.९ आणि मग १२.७ मिमी. दोन यूची सीमा त्या कमी अंतराच्या मधोमध येते. एक भोक चुकलं की रेल (सर्व्हर सरकवायची पट्टी) बसते, पण वरच्या सर्व्हरचा कान (खांबाला लागणारी पुढची कड) खालच्यावर घासतो. या रॅकच्या पुढच्या खांबांवर यूचे आकडे छापलेत, मागच्यांवर नाहीत. मार्करने आधी लिहून घ्या. सोबत आलेले केज नट (खांबाच्या भोकात अडकवायचे नट) मोजकेच. आणखी एम६ (६ मिमी) नट-बोल्ट पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत बघावेत.

काचेचं दार ही या रॅकची खरी उणीव. सर्व्हर समोरून थंड हवा ओढतो आणि मागे गरम सोडतो. काच लावली की त्याचा श्वासच कोंडतो. छताचे पंखे मदत करतात, पण पुरत नाहीत. एप्रिल-मेमध्ये दार उघडं ठेवावं लागलं, मग धूळ आत. किंमतीत थोडा फरक पडला तरी पुढे आणि मागे दोन्हीकडे जाळीची दारं मागा. रिकाम्या यूवर ब्लँक पॅनल (नुसती झाकणपट्टी) लावा, नाहीतर मागची गरम हवा त्या फटींतून पुढे येते आणि एसी फुकट जातो. दीड किलोवॉट भार म्हणजे ताशी सुमारे ५१०० बीटीयू उष्णता. एक टनाचा एसी पुरतो, फक्त तो रॅकच्या बरोब्बर वर नको. पावसाळ्यात ड्रेन तुंबला की पाणी थेट स्विचवर.

यूपीएस सगळ्यात खाली. बॅटरीसकट पन्नास-साठ किलोचं धूड वर बसवलं तर रॅक हलवताना कलंडतो. चाकं नुसती जागेवर नेण्यापुरती. नंतर लेव्हलिंग पाय खाली करून वजन त्यांच्यावर घ्या. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, तेव्हा यूपीएसचा कस लागतो. दोन पॉवर सप्लायचे सर्व्हर एकाच पीडीयूला जोडू नका. पीडीयू ६/१६ अँपिअर सॉकेटचा न घेता सी१३ (कॉम्प्युटरच्या पॉवर केबलच्या टोकासारख्या) सॉकेटचा घ्या, सर्व्हरच्या वायरी थेट बसतात. दारांना हिरवी-पिवळी अर्थिंग वायर आहे का तेही बघा. यात मागच्या दाराची नव्हती, वेगळी जोडावी लागली.

जागा: पुढे सर्व्हर पूर्ण बाहेर ओढता यावा म्हणून मीटरभर, मागे पाऊण मीटर. एवढी जागा नसेल आणि नुसता स्विच-पॅच पॅनल ठेवायचा असेल, तर १२यूचा भिंतीवरचा रॅक पुरे. ४२यूच्या मोहात पडण्याआधी मात्र लिफ्टचं आणि खोलीचं दार मोजा. तो दोन मीटरच्या वर जातो, आणि जुन्या इमारतीत सुटे भाग आणून जागेवर जुळवावा लागतो.